भांडण त्यांचं, पडदा आपला

  आजच्या गप्पांचा विषय तुमच्या घरात भिंतीला टेकून उभा आहे. टीव्ही. पण मालिकेत काय झालं, कोणाचं लग्न मोडलं, हे आज बोलायचं नाही. आज बोलायचं आहे ते टीव्ही मधेच बंद का पडतो त्याबद्दल. वीज गेली, पाऊस आला, तर कारण कळतं. पण वीज आहे, डबा चालू आहे, पैसे भरलेले आहेत, आणि तरी ठरावीक वाहिन्याच पडद्यावरून गायब होतात, तेव्हा काय झालेलं असतं?

असं मोठ्या प्रमाणावर झालं ते फेब्रुवारी २०२३ मध्ये. महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात स्टार, झी आणि सोनी या तीन मोठ्या कंपन्यांनी देशातल्या बऱ्याच केबल कंपन्यांचं सिग्नल बंद केलं. स्टार प्रवाह, झी मराठी, सोनी मराठी, या तिन्ही वाहिन्या या तीन घरांतल्या. म्हणजे मराठी बाईच्या संध्याकाळचा मोठा भाग एका रात्रीत गेला. केबल कंपन्यांच्या संघटनेचं म्हणणं होतं की साडेचार कोटी घरांना याचा फटका बसला. त्याच दिवसांत दक्षिण आफ्रिकेत बायकांचा टी-ट्वेंटी विश्वचषक चालू होता आणि तो स्टारच्या खेळवाहिनीवर दिसत होता. २० फेब्रुवारीला आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाने आयर्लंडविरुद्ध ८७ धावा काढल्या. तो सामना पाहायला बसलेल्या किती पोरींच्या पुढ्यात काळा पडदा आला असेल!

भांडण कशावरून होतं? दरावरून. वाहिन्यांच्या कंपन्या म्हणत होत्या, नव्या दराच्या करारावर सही करा. केबल कंपन्या म्हणत होत्या, हे दर गिऱ्हाइकाला परवडणार नाहीत. केबलवाल्यांची संघटना केरळच्या उच्च न्यायालयात गेली, पण तिथे लगेच दिलासा मिळाला नाही. आठवडाभरात सह्या झाल्या आणि वाहिन्या परत आल्या. दोन्ही बाजू गिऱ्हाइकाचंच नाव घेऊन भांडत होत्या. पण त्या बैठकीत गिऱ्हाईक म्हणून कोणी बसलं होतं का? नव्हतं.

हे असं का होतं, ते समजायला थोडं मागं जाऊ.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. त्याच्या तीनच वर्षं आधी, १९६९ मध्ये, आपल्या तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं होतं. पुढे बोईसरला एमआयडीसी आली, कारखाने आले, देशभरातून कामगार आले. टीव्ही मात्र सावकाश आला. ज्याच्या घरी संच असेल त्याच्या ओटीवर सगळी आळी बसायची. वाहिनी एकच, ती सरकारची. १९८७ ला रामायण लागलं तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, हे आपल्यातल्या वयस्क बायांना आठवत असेल. त्या काळी मोठा खर्च संच घेतानाचाच. दर महिन्याला कोणाला काही द्यावं लागत नसे, म्हणून कोणी मधेच काही बंदही करत नसे. दूरदर्शनवर काय दाखवायचं ते सरकार ठरवी, ही त्यातली खोट होती. पण पैशासाठी पडदा काळा होत नव्हता.

१९९१ ला आभाळातून परदेशी वाहिन्या यायला लागल्या. २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू झाला. मग गल्लोगल्ली कोणीतरी पोरगा पुढे आला. त्याने घरावर मोठी छत्री लावली, झाडावरून, विजेच्या खांबावरून, कौलांवरून वायरी ओढल्या आणि घरोघरी जोडून दिल्या. हाच आपला केबलवाला. तो गावातलाच, ओळखीतला. सणाला पैसे थांबले तरी सांभाळून घेणारा. त्याला नियम लावणारा कायदा आला १९९५ मध्ये. त्या कायद्याने केबलवाल्याला मुख्य टपाल कार्यालयात नाव नोंदवायला लावलं.

१९९५ चीच आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९९३ ला कोलकात्याच्या क्रिकेट संघटनेने हिरो कप भरवला आणि तो दाखवायचे हक्क परदेशी कंपनीला विकले. दूरदर्शनचं आणि तिचं भांडण लागलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ ला न्यायालयाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. ती सरकारची एकट्याची नाही आणि धनवानाचीही नाही. आपल्यासारख्यांचा सामुदायिक रेडिओ पुढे उभा राहू शकला त्याच्या मुळाशी हाच विचार आहे. वाहिन्यांच्या भांडणाकडे पाहतानाही तो विसरू नये.

आता या भांडणांची मूळ खोड काय होती ते सांगतो. वाहिन्या फुकट होत्या तोवर सगळं ठीक चाललं. मग कंपन्यांनी वाहिन्यांना किंमत लावली. केबलवाल्याने दर घरामागे कंपनीला इतके रुपये द्यायचे असं ठरलं. पण घरं किती, हे मोजणार कोण? वायर एकच, तिला मीटर नाही. समजा केबलवाल्याची घरं होती पाचशे. तो कंपनीला सांगे शंभर. कंपनीलाही ते ठाऊक असे. मग ती दर वर्षी म्हणे, यंदा दीडशेचे पैसे दे, नाहीतर सिग्नल बंद. तो म्हणे, देत नाही. चार दिवस वाहिनी जाई, गिऱ्हाइकं केबलवाल्याच्या दारात ओरडायला येत, आणि मग मधला आकडा काढून दोघांचं जमे. लक्षात आलं ना? सिग्नल बंद करण्यामागे हिशेब होता. गिऱ्हाइकाची ओरड हेच त्यांचं हत्यार. तुम्ही-आम्ही वैतागून केबलवाल्याला बोलतो, आणि आपल्या त्या बोलण्याच्या जोरावर दुसऱ्याचा सौदा होतो.

यावर उपाय म्हणून २००२ मध्ये कायदा बदलला. डबा लावा, मग कोण काय पाहतं ते मोजता येईल, असं ठरलं. पण पहिल्या फटक्यात ते चेन्नई सोडून कुठे नीट चाललं नाही. दक्षिण मुंबईत ते लागू व्हायला २००७ उजाडलं. तिथे तेव्हा निदान ३० फुकट वाहिन्यांना ७७ रुपये आणि प्रत्येक पैसेवाल्या वाहिनीला ५ रुपये, असा भाव ट्रायने बांधून दिला. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण. टेलिफोनवर लक्ष ठेवणारी ही संस्था. जानेवारी २००४ मध्ये तिच्याकडे टीव्हीचंही काम आलं. आल्या आल्या तिने केबलचे दर २६ डिसेंबर २००३ ला जिथे होते तिथेच गोठवले. चर्चगेटपासून बोईसर शंभरेक किलोमीटर. तिथला पाच रुपयांचा भाव मात्र आपल्या फलाटावर कधी उतरला नाही.

डिसेंबर २००४ मध्ये ट्रायने आणखी दोन गोष्टी केल्या. एक, आपली वाहिनी मागणाऱ्या प्रत्येक केबल किंवा छत्री कंपनीला ती दिलीच पाहिजे, एकाला देतो आणि दुसऱ्याला नाही हे चालणार नाही. दुसरी, भांडण झालं म्हणून सिग्नल तडकाफडकी बंद करायचं नाही. आधी नोटीस द्यायची, आणि ती वर्तमानपत्रातही छापायची, तीही एक तरी स्थानिक भाषेत. म्हणजे गिऱ्हाइकाला आधी कळलं पाहिजे, हे नियमाने मान्य केलं. आपल्यापैकी किती जणींनी अशी नोटीस वाचली आहे? पेपर रोज ज्या घरात येत नाही, तिथे ती नोटीस पोचतच नाही. नियम झाला, पण तो पाड्यापर्यंत चालत आला नाही.

पहिला नियम का करावा लागला, त्याचीही गंमत आहे. २००३ मध्ये डिश टीव्ही सुरू झाला. तो झीच्या घरातला. त्यावर सुरुवातीला स्टार आणि सोनी दिसत नव्हते. २००६ मध्ये टाटा स्काय आला. त्यात टाटांबरोबर स्टारची भागीदारी होती. त्याला झीच्या वाहिन्यांसाठी न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागली. दोन भावकीच्या विहिरी असाव्यात आणि एकाने दुसऱ्याच्या सुनेला घागर भरू देऊ नये, तसा प्रकार. छत्री विकत घेणाऱ्या बाईला यातलं काही माहीत नसे. दुकानदार सांगे, सगळं दिसेल.

मग २०११ मध्ये पुन्हा कायदा बदलला आणि देशभर डबा सक्तीचा झाला. मुंबईला ३१ ऑक्टोबर २०१२ ची मुदत होती. नगरपालिकेची शहरं तिसऱ्या टप्प्यात, मुदत ३१ डिसेंबर २०१५. खेडी आणि ग्रामपंचायतीची गावं चौथ्या टप्प्यात, आणि ती मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०१७ पर्यंत गेली. म्हणून आपल्याकडे पालघर शहरात नगरपरिषद असल्याने डबा आधी आला आणि बोईसर एवढं मोठं असूनही ग्रामपंचायत, म्हणून तिथली पाळी नंतरची. मधल्या काळात, १ ऑगस्ट २०१४ ला, आपला पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला होता. जिल्हा नवा, डबाही नवा.

डबा आला आणि घरं मोजता यायला लागली. वाटलं, आता भांडणं मिटतील. मिटली नाहीत. आधी भांडण घरं किती यावर होतं, आता भाव किती यावर सुरू झालं. १ ऑक्टोबर २०१८ ला टाटा स्कायने सोनीच्या आणि इंडिया टुडे गटाच्या मिळून ३२ वाहिन्या पॅकमधून काढल्या. कौन बनेगा करोडपती तेव्हा रंगात आलं होतं, तेही सोनीवर. ज्याला त्या वाहिन्या हव्यात त्याने मिस्ड कॉल द्यावा, असं सांगितलं गेलं. ज्या घरातली आजी एकटी टीव्ही पाहते आणि मोबाइल मुलाच्या खिशात कारखान्यात जातो, त्या आजीने मिस्ड कॉल कसा द्यायचा?

१ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची नवी पद्धत लागू झाली. जे पाहाल त्याचेच पैसे, असं तिचं सूत्र. स्टारने ती मद्रास उच्च न्यायालयात अडवली होती, पण ३० ऑक्टोबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. हिशेब असा की पहिल्या १०० वाहिन्यांचं जोडणीभाडं जास्तीत जास्त १३० रुपये, त्यावर १८ टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. त्यात दूरदर्शनच्या वाहिन्या आल्याच पाहिजेत. पैसेवाल्या वाहिनीचे पैसे वर वेगळे. जी वाहिनी गठ्ठ्यात घालायची, तिची सुटी किंमत १९ रुपयांच्या वर नको. समजा एखादीने १९ रुपयांच्या पाच वाहिन्या निवडल्या. त्यांचे झाले ९५. जोडणीचे १३० धरून २२५. कर धरून २६५ रुपये ५० पैसे. हा हिशेब चुलीपुढे बसून कोळशाने भिंतीवरही करता येतो, आणि करावा.

पण घडलं काय? कंपन्यांनी सुट्या वाहिनीचा भाव चढा ठेवला आणि गठ्ठा स्वस्त केला. भाजीवालीने म्हणावं, एक वांगं दहा रुपयांना, आणि वांगी, कारली, दोडका, शिळी मेथी मिळून टोपली पंधरा रुपयांना. मग घेणारी टोपलीच उचलते आणि मेथी फेकते. आपल्या बोईसरला तर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडची कुटुंबं, डहाणू-तलासरीकडे गुजराती घरं. प्रत्येकाची भाषा वेगळी, प्रत्येकाची टोपली वेगळी. हे थांबवायला ट्रायने १ जानेवारी २०२० ला नियम पुन्हा बदलले. गठ्ठ्यातल्या वाहिनीची मर्यादा १९ वरून १२ रुपये केली, १३० रुपयांत २०० वाहिन्या द्यायला सांगितल्या. कंपन्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. ३० जून २०२१ ला न्यायालयाने ट्रायची बाजू बहुतेक मान्य केली. तरी २२ नोव्हेंबर २०२२ ला मर्यादा पुन्हा १९ रुपयांवर आली. त्या दरांनी करार करायची वेळ आली आणि सुरुवातीला सांगितलेला फेब्रुवारी २०२३ चा काळा आठवडा उगवला. पुढे ८ जुलै २०२४ ला जोडणीभाड्याची १३० रुपयांची कमाल मर्यादाही काढून टाकली गेली. आता ते किती घ्यायचं हे कंपनी ठरवते.

कोणी म्हणेल, एवढा त्रास कशाला, सरकारी फुकटची छत्री लावा. दूरदर्शनची ही सेवा २००४ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली. डबा-छत्री एकदा घेतली की महिन्याचं काही नाही. जंगलपट्टीत ती बऱ्याच घरांवर दिसते. पण तिथेही भांडणाची झळ पोचली. स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल, रिश्ते या वाहिन्या २०१९ मध्ये कंपन्यांनी तिथून काढून घेतल्या, २०२० मध्ये परत आणल्या, १ एप्रिल २०२२ ला पुन्हा काढल्या. फुकट दिसतंय तर लोक पैसे का भरतील, असा त्यांचा हिशेब.

हे आपल्याच देशात होतं असंही नाही. ऑगस्ट २०२३ च्या शेवटच्या दिवशी अमेरिकेत डिस्नी कंपनीच्या वाहिन्या तिथल्या एका मोठ्या केबल कंपनीच्या जवळजवळ दीड कोटी घरांत बंद झाल्या. टेनिसची मोठी स्पर्धा भरात होती. अकरा दिवसांनी, फुटबॉलचा महत्त्वाचा सामना सुरू व्हायच्या काही तास आधी, दोघांचं जमलं. तिथेही वेळ नेमकी लोकांच्या आवडीची साधलेली.

आता कोणी हसेल आणि म्हणेल, बायांच्या सिरियली आठ दिवस बंद पडल्या तर काय आभाळ कोसळलं? आम्हाला हे पटत नाही. एमआयडीसीत आठ तास उभं राहून आलेली, मासळी विकून टोपली धुतलेली, शेतात वाकून लावणी केलेली बाई रात्री अर्धा तास बसते. तो अर्धा तास तिने पैसे देऊन विकत घेतलेला असतो, आणि पैसे आगाऊ दिलेले असतात. शेर मोजून पैसे दिल्यावर दुकानदाराने पाऊण शेर तांदूळ घातला, तर आपण गप्प बसतो का? मग इथेच का?

काय करता येईल, तेही ऐका. पहिलं, आपल्या पॅकमध्ये कोणत्या वाहिन्या आहेत आणि प्रत्येकीचा भाव काय, याची यादी मागून घ्या. पडद्यावर वाहिनीच्या नावाबरोबर किंमतही दिसते. दुसरं, पावती घ्या. ओळखीचा पोरगा आहे म्हणून पावती सोडू नका. पावतीने ओळख तुटत नाही. तिसरं, गठ्ठा घ्यायलाच हवा असं नाही, सुटी वाहिनी मागायचा हक्क आहे. दोन्हींची बेरीज करून पाहा आणि मग ठरवा. चौथं, वाहिनी गेली की केबलवाल्याला शिव्या देण्याआधी विचारा, कोणी बंद केली, का केली, आणि आधी सांगितलं का नाही. तो पोरगाही बऱ्याचदा मधे सापडलेला असतो. पाचवं, दाद लागत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे.

आणि शेवटची गोष्ट मुद्दाम राखून ठेवली आहे. वाहिन्यांची ही सगळी भांडणं ज्या न्यायाधिकरणापुढे जातात, ते २००० साली नेमलं गेलं. त्याच्यापुढे कंपनी कंपनीविरुद्ध जाऊ शकते. पण कायद्याच्या त्याच कलमात, चौदाव्यात, असंही लिहिलं आहे की कंपनी आणि ग्राहकांचा गट यांच्यातला वादही तिथे चालेल. एकट्या ग्राहकाने ग्राहक आयोगाकडे जायचं. गटाला मात्र तिथेही दार आहे. बायांनो, शब्द नीट ऐका, ग्राहकांचा गट. दिल्ली लांब आहे, खर्च आहे, वकील लागतो, हे आम्हाला कळतं. उद्याच निघा असं आम्ही सांगत नाही. पण ज्यांनी कायदा लिहिला त्यांनाही ठाऊक होतं की एकटीचं कोणी ऐकत नाही आणि गटाचं ऐकावं लागतं. हे तर आपण बचत गटात बँकेच्या दारात शिकलोच आहोत.

तेव्हा येत्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला की दहा मिनिटं काढा. सगळ्यांच्या टीव्हीच्या पावत्या एका चटईवर मांडा. एकाच आळीत, एकाच वाहिन्यांना, कोण किती भरतंय ते शेजारी शेजारी लिहा. फरक दिसला तर गटाच्या नावाने, गटाच्या शिक्क्याने, एक अर्ज केबलवाल्याकडे द्या आणि त्याची पोच घ्या. काय उत्तर आलं ते आम्हाला कळवा, पुढच्या कार्यक्रमात सगळ्यांना वाचून दाखवू. येतो आम्ही. सांभाळून राहा.